शांतिसेना युद्धात का उतरली? संरक्षणमंत्र्यांस एक खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेची (१९८७ ते १९९०) कागदपत्रे खुली करून अधिकृत इतिहास प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

आपल्या मंत्रालयाने जून २०२१ मध्ये एक धोरण मंजूर केले. युद्धे आणि लष्करी मोहिमा यांचे दस्तऐवज कसे जपायचे, केव्हा खुले करायचे आणि त्यांच्या आधारे इतिहास कसा लिहायचा, याचे ते धोरण आहे. मोहीम संपल्यानंतर दोन वर्षांच्या आत समिती नेमावी, त्यापुढच्या तीन वर्षांत इतिहासाचे संकलन पुरे करावे, सामान्यतः २५ वर्षांनी दस्तऐवज खुले करावेत आणि त्याहून जुनी कागदपत्रे जाणकारांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वाधीन करावीत, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. शांतिसेनेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी पूर्व श्रीलंकेतील त्रिंकोमाली बंदरातून निघाली. म्हणजे अगदी शेवटच्या दिवसापासून मोजले तरी २५ वर्षे मार्च २०१५ मध्येच भरली होती. एवढे होऊनही, आपण त्या बेटावर शांतता राखण्यासाठी जाऊन युद्ध कसे करू लागलो, याचा सरकारच्या अधिकृत कागदांवर आधारलेला वृत्तांत या देशातील नागरिकाच्या हाती पडलेला नाही, आणि तो का पडलेला नाही हे सांगण्याची तसदीही आजवर कोणत्या सरकारने घेतलेली नाही. हे पत्र त्या मौनाविषयी आहे.

माझा यात संबंध काय, हे आधी सांगतो. मी सातारा जिल्ह्यातला. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत जाण्याची रीत जुनी आहे. माझा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता, तो १९८७ मध्ये समुद्रापार गेला आणि परतला तेव्हा सुरुंगाच्या स्फोटात त्याचा एक पाय घोट्यापासून गेलेला होता. त्याने पेन्शनबद्दल, पदकाबद्दल किंवा पायाबद्दल कधी कुरकूर केली नाही. बोलायचा तो एकाच गोष्टीबद्दल. “गेलो तेव्हा बायाबापड्यांनी गळ्यात हार घातले, आणि दसरा झाला तसे त्याच गल्लीतून गोळ्या येऊ लागल्या. मधल्या दिवसांत काय झालं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.” तो आता हयात नाही. त्याच्या पिढीतले बहुतेक जवान आज साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हे उत्तर मिळावे, एवढ्यासाठी मला घाई आहे.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करतो. हे पत्र सैनिकांच्या शौर्यावर शंका घेणारे नाही. मुंबईत जन्मलेले, मुंबईतच शिकलेले आणि महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीत लढताना २५ नोव्हेंबर १९८७ रोजी उत्तर श्रीलंकेतील जाफन्याजवळ धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर २०१९ पासून त्या मोहिमेतील हुतात्म्यांची नावे आहेत, आणि त्याआधीच श्रीलंका सरकारने कोलंबोजवळ त्यांचे स्मारक उभारले, याचीही नोंद मला आहे. परंतु नावे कोरणे आणि कारण सांगणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, आणि पहिले पार पाडल्याने दुसऱ्यातून सुटका होत नाही. आपण मराठी माणसे पानिपत का झाले यावर अडीचशेहून अधिक वर्षे वाद घालत आहोत. भाऊंनी यमुनेकाठी काय करायला हवे होते, होळकरांनी काय केले, रसद कोठे तुटली, हे आमच्याकडे पारावरही बोलले जाते. मात्र आपल्याच हयातीत अकराशेहून अधिक भारतीय सैनिक ज्या युद्धात मारले गेले आणि सुमारे तीन हजार जखमी झाले, त्याच्या कारणांबद्दल विचारले की समोरचा माणूस विषय बदलतो.

आता कारणांकडे येतो. त्या काळात आणि त्यानंतर जी कारणे सांगितली गेली, ती एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांची जी कत्तल झाली, तिने हजारो निर्वासित तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आणले. त्या तमिळांना न्याय मिळवून देणे हे एक कारण. श्रीलंकेची फाळणी होऊ न देणे, कारण तिथे ‘ईलम’ हे तमिळांचे स्वतंत्र राष्ट्र झाले असते तर त्याचा धक्का आपल्याकडेही बसला असता, हे दुसरे. त्रिंकोमालीचे नैसर्गिक बंदर परकी सत्तेच्या हाती जाऊ न देणे हे तिसरे. यातले प्रत्येक कारण वेगळे घेतले तर पटण्यासारखे आहे. अडचण अशी की ती एकाच वेळी एकाच सेनेच्या हातून साधणे शक्य नव्हते. तमिळांचे रक्षणकर्ते म्हणून जायचे, तर कोलंबोच्या सरकारवर दबाव ठेवायला हवा. श्रीलंका अखंड ठेवायची, तर तमिळ बंडखोरांची शस्त्रे काढून घ्यायला हवीत. त्रिंकोमाली सांभाळायचे, तर ज्या सरकारच्या हातात ते बंदर आहे त्याला राजी राखायला हवे. यांतले कोणते उद्दिष्ट मुख्य आणि कोणते दुय्यम, हे ठरवणारा कागद कुठेतरी असलाच पाहिजे. नसेल, तर ती गोष्ट अधिक गंभीर आहे.

यातही मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट अशी की ज्यांच्याशी आपण लढलो, त्यांना आपणच वाढवले होते. १९८३ नंतर श्रीलंकेतील तमिळ सशस्त्र गटांना भारताच्या भूमीवर आश्रय, प्रशिक्षण आणि शस्त्रे मिळाली, आणि त्यांत ईलमसाठी लढणारी लिट्टे ही संघटनाही होती. ही माहिती आपल्याला मिळाली ती कशी, तेही पाहण्यासारखे आहे. राजीव गांधी यांच्या हत्येची पार्श्वभूमी तपासण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती जैन आयोगाच्या अंतरिम अहवालात ती ओघाने आली, आणि तो अहवालही १९९७ मध्ये संसदेत मांडला जाण्याआधी फुटला. त्यावरून गुजराल सरकार कोसळले, आघाड्यांचे राजकारण महिनोन्महिने चालले, परंतु मूळ प्रश्न, म्हणजे शेजारी देशातील सशस्त्र गटांना प्रशिक्षण देण्याचा निर्णय कोणी, कोणत्या हेतूने आणि कोणाच्या लेखी संमतीने घेतला, तो त्या गदारोळात मागे पडला तो पडलाच. जवानांच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार साधा होता. समोरच्या झाडीत लपलेल्या मुलाला सुरुंग पेरायला शिकवणारा आपल्याच देशातला असू शकत होता.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. त्याच्या आधी दोन महिने श्रीलंकेच्या लष्कराने जाफन्याकडील वडमराच्ची भागात मोठी मोहीम काढली होती. मदत घेऊन गेलेल्या आपल्या होड्या त्यांच्या नौदलाने परत पाठवल्या, आणि ४ जून रोजी आपल्या हवाई दलाच्या पाच एएन-३२ विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात जाफन्यावर अन्नधान्य टाकले. म्हणजे जूनमध्ये आपण कोलंबोला धाक दाखवत होतो आणि जुलैअखेर त्याच कोलंबोचे हमीदार झालो. आठ आठवड्यांत एवढे वळण घेतले गेले, ते कोणाच्या सल्ल्याने?

कराराचा मजकूर उपलब्ध आहे आणि तो काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. ४८ तासांत युद्धबंदी आणि त्यानंतर ७२ तासांत शस्त्रे खाली ठेवणे, अशी त्यात मुदत आहे. शस्त्रे ज्यांनी खाली ठेवायची त्या लिट्टेची त्यावर सही नाही. लिट्टेचे प्रमुख प्रभाकरन यांना त्या दिवसांत दिल्लीतील एका हॉटेलात ठेवून घेण्यात आले होते आणि त्यांची नाराजी सरकारला पुरती ठाऊक होती. परत गेल्यावर ४ ऑगस्ट रोजी सुदुमलै येथील सभेत त्यांनी ती जाहीरपणे बोलूनही दाखवली. दोन सरकारांनी आपसांत सह्या करून तिसऱ्याने शस्त्रे टाकावीत असे ठरवणे, आणि तो टाकणार नाही हे दिसत असताना त्याची हमी आपल्या सैन्याच्या जिवावर घेणे, याला कोणता मुत्सद्दीपणा म्हणायचे ते मला कळत नाही. करारासोबत दोन्ही नेत्यांमध्ये पत्रांची देवाणघेवाणही झाली. त्या पत्रांत तमिळांच्या हक्कांपेक्षा त्रिंकोमालीचे बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा लष्करी वापरासाठी न देणे, तिथल्या तेलाच्या टाक्यांचे संयुक्त पुनरुज्जीवन, परकी लष्करी आणि हेर यंत्रणांचे अस्तित्व आणि परदेशी नभोवाणी केंद्रे हे विषय आहेत. राष्ट्रहित म्हणून ते योग्य असतील, मी नाकारत नाही. पण आमच्या घरातली मुले तेलाच्या टाक्या आणि बंदर यांसाठी पाठवायची होती, तर तसे सांगायला हवे होते. ती तरीही गेली असती, कारण हुकूम पाळणे हा त्यांचा धर्म होता.

या साऱ्या प्रकरणाची गाठ माझ्या मते ऑक्टोबर १९८७ च्या पहिल्या दहा दिवसांत आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. २६ सप्टेंबर रोजी लिट्टेचा तिलीपन हा कार्यकर्ता नल्लूर येथे बारा दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावला. त्याच्या मागण्या भारत सरकारकडे होत्या. लोकांचे मन तेव्हाच फिरू लागले होते. ३ ऑक्टोबर रोजी श्रीलंकेच्या नौदलाने समुद्रात लिट्टेचे १७ जण पकडले. त्यांत कुमरप्पा आणि पुलेंद्रन हे विभागप्रमुख होते. त्यांना जाफन्याजवळच्या पलाली येथील तळावर ठेवण्यात आले. कोलंबोने त्यांना चौकशीसाठी राजधानीत आणण्याचा हट्ट धरला, तर युद्धबंदीनंतर माफी जाहीर झाली असल्याने त्यांना सोडावे, असे लिट्टेचे म्हणणे होते. आपली सेना त्याच तळावर होती. ५ ऑक्टोबरला त्यांना नेण्याची वेळ आली तेव्हा त्या सर्वांनी सायनाइड घेतले आणि १२ जण मेले. त्यानंतर लिट्टेने आपल्या ताब्यातील श्रीलंकेच्या सैनिकांना ठार केले आणि पूर्वेकडे निरपराध सिंहली नागरिकांची कत्तल केली. त्या क्रौर्याचे समर्थन मी कदापि करणार नाही. परंतु १० ऑक्टोबरच्या सुमारास शांतिसेनेने लिट्टेविरुद्ध ‘ऑपरेशन पवन’ सुरू केले, म्हणजे जेमतेम पाच दिवसांत शांतिरक्षक सेना युद्ध करणारी सेना झाली.

या पाच दिवसांत काय झाले? पकडलेल्या १७ जणांना ताब्यात घेण्याचा किंवा निदान त्यांच्याभोवतीचा पहारा न हलवण्याचा आदेश आपल्या सेनेला का दिला गेला नाही? तो निर्णय दिल्लीचा होता, कोलंबोतील उच्चायुक्तांचा होता की मद्रासला बसलेल्या सेनापतींचा? त्याच दिवसांत संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत कोलंबोला गेले, तिथे कोणती वचने दिली गेली? मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीची बैठक झाली का, आणि झाली असेल तर युद्धाखेरीज कोणते पर्याय तिच्यासमोर ठेवले होते? या प्रश्नांची उत्तरे आज आपल्याला मिळतात ती आठवणींच्या पुस्तकांतून. तेव्हाचे उच्चायुक्त जे. एन. दीक्षित, शांतिसेनेचे सेनापती लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग आणि ५४ व्या डिव्हिजनचे मेजर जनरल हरकिरत सिंग, तिघांनीही लिहिले. तिघांचे सूर जुळत नाहीत. हरकिरत सिंग यांनी तर असेही नोंदवले की वाटाघाटींना येणाऱ्या प्रभाकरन यांना गोळी घालण्याचे त्यांना उच्चायुक्तांकडून सुचवण्यात आले आणि पांढऱ्या निशाणाखाली आलेल्याला मारणे सैनिकाच्या रीतीत बसत नाही म्हणून त्यांनी नकार दिला. हे खरे असेल तर त्याची शहानिशा व्हायला हवी आणि खोटे असेल तर तसे सरकारने सांगायला हवे. ज्यांनी निर्णय घेतले त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत. मूळ कागद मात्र आपल्या मंत्रालयाच्या कपाटात असणारच.

युद्धाच्या तयारीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर निवृत्त अधिकाऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. शत्रूच्या हाती एके-४७ आणि आपल्या जवानाच्या हाती जुनी एसएलआर रायफल होती. नकाशे जुने होते. काही आठवड्यांत सगळे आटपेल, असा वरिष्ठ पातळीवरचा विश्वास होता. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीतील ३० पैकी २९ जवान मारले गेले आणि उरलेला पकडला गेला. त्यांच्या सोबतच्या कमांडोंपैकीही सहा जण पडले. लिट्टेचे लोक आधीपासून दबा धरून होते, कारण आपले बिनतारी संदेश त्यांना ऐकू येत होते. ज्या गुप्तचर खात्याने त्या संघटनेला जवळून पाहिले होते, त्याने सैन्याला तिच्याबद्दल काय सांगितले होते, हा प्रश्न त्या रात्रीनंतर तरी अधिकृतपणे विचारला जायला हवा होता. काही आठवड्यांची म्हटलेली ती मोहीम अडीच वर्षे चालली आणि एका डिव्हिजनच्या जागी चार डिव्हिजन तिथे गेल्या.

याच काळात दक्षिण श्रीलंकेत जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या सिंहली संघटनेचे बंड उसळले होते, आणि उत्तरेचा भार आपण उचलल्यामुळे जयवर्धने यांना आपले सैन्य तिकडे वळवता आले. त्यांनी करारातून हवे ते मिळवले. आपण काय मिळवले? उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र झाले, ते एकत्रीकरण २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. पूर्वेकडे ३१ डिसेंबर १९८८ पर्यंत घ्यायचे ठरलेले सार्वमत कधी झालेच नाही. श्रीलंकेच्या राज्यघटनेतील, प्रांतांना अधिकार देणारी तेरावी दुरुस्ती तेवढी उरली आहे आणि तीही अर्धीमुर्धी.

जाफन्यातील सामान्य माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी, तमिळांच्या दिवाळीच्या दिवशी, जाफना रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात साठच्या वर माणसे मारली गेली आणि त्यांत रुग्णांबरोबर डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारीही होते, असे तिथल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांनी नोंदवले आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरै गावात पन्नासहून अधिक नागरिक मारले गेल्याची नोंद आहे. आपल्या बाजूने चकमकीत सापडून लोक मेले, असे सांगण्यात आले. माझ्या भावाच्या पलटणीचा या घटनांशी संबंध नव्हता, तरी तो गणवेश त्याचाही होता. सगळ्या सेनेवर एक सरसकट डाग राहण्यापेक्षा नेमके काय घडले, कोणत्या हुकमाने घडले आणि त्याची लष्करी चौकशी झाली असल्यास तिचा निष्कर्ष काय, हे समोर येणे सेनेच्याही हिताचे आहे.

घटनात्मक बाजू तर आणखी खटकणारी आहे. आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीमध्ये परराष्ट्रांशी करार आणि ‘युद्ध व शांतता’ हे विषय आहेत, म्हणजे अधिकार केंद्राचा यात वाद नाही. परंतु सैन्य देशाबाहेर पाठवण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेतली पाहिजे, असे बंधन कुठेच नाही. ही संयुक्त राष्ट्रांची मोहीम नव्हती, युद्धाची घोषणा झालेली नव्हती, आणि कराराला संसदेची पूर्वसंमती नव्हती. एका पंचायतीला गावातली विहीर खोदायची तरी ठराव करावा लागतो. हजारो जवान दुसऱ्या देशात पाठवायला मात्र दोन सह्या पुरल्या. १९८७ नंतर सर्व मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसले. ज्यांनी सेना पाठवली त्यांना प्रश्न नको होते. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने ती परत आणली आणि तेवढ्यावर समाधान मानले. तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी परतणाऱ्या सेनेच्या स्वागताला गेले नाहीत, त्याची चर्चा खूप झाली, पण सैनिकांना तिथे कोणी आणि कशासाठी पाठवले होते ही चर्चा करुणानिधींवर टीका करणाऱ्यांनीही केली नाही. त्यानंतर आलेल्या सरकारांना तर आपल्या विरोधकांची ही चूक उघड करण्याची राजकीय संधीही होती. तरीही कोणी फाइल उघडली नाही, याचा मी एवढाच अर्थ लावतो की झाकली मूठ सर्वांनाच सोयीची वाटते, कारण आजची मूठ उघडली तर उद्याचीही उघडावी लागेल.

आपल्याकडून येऊ शकणारे आक्षेप मला माहीत आहेत. राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोहोचेल, हा पहिला. ज्या संघटनेशी आपण लढलो ती मे २००९ मध्ये संपली, त्या वेळची शस्त्रे आणि संदेशयंत्रणा केव्हाच बाद झाली. शेजारी देशाशी संबंध बिघडतील, हा दुसरा. श्रीलंकेने आपल्या सैनिकांचे स्मारक स्वतःच्या राजधानीजवळ बांधले आणि आपले पंतप्रधान २०१५ मध्ये तिथे वंदन करून आले, तेव्हा त्या देशाला या इतिहासाची भीती वाटते असे दिसत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती द्यावी असे म्हटले असले, तरी सुरक्षा आणि परराष्ट्र संबंध यांचा अपवाद कायम राहतो, हेही मला ठाऊक आहे. पण त्याच कलमात सार्वजनिक हित मोठे असेल तर अपवादातील माहितीही देता येते, अशी तरतूद आहे. सैन्याचे मनोबल खचेल हा तिसरा आक्षेप मला सर्वांत दुबळा वाटतो. कारगिलची लढाई संपल्यावर काही दिवसांत, जुलै १९९९ मध्येच, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल पुढच्या वर्षी काही भाग वगळून का होईना संसदेत मांडला गेला, आणि सैन्याचे मनोबल खचले नाही, उलट पुढच्या सुधारणांना त्यातून दिशा मिळाली. युद्धांचे इतिहास वेळेवर लिहून ते खुले करावेत, ही शिफारस त्याच समितीची होती.

ब्रिटनचे उदाहरण मुद्दाम देतो, कारण आपली संसदीय रीत आपण तिकडूनच घेतली. इराकवरील २००३ च्या आक्रमणात ब्रिटन का सामील झाले, याची चौकशी करण्यासाठी सर जॉन चिलकॉट यांची समिती २००९ मध्ये नेमली गेली आणि जुलै २०१६ मध्ये तिचा बारा खंडांचा अहवाल आला. शांततेचे मार्ग संपलेले नसताना युद्ध पत्करले गेले, असे तिने स्वच्छ म्हटले. पंतप्रधान ब्लेअर यांनी जुलै २००२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना लिहिलेले, काहीही झाले तरी मी तुमच्या सोबत असेन, अशा अर्थाचे खासगी टिपणही लोकांना वाचायला मिळाले. अहवाल उशिरा आला, कोणाला शिक्षाही झाली नाही. पण मृत सैनिकांच्या घरच्यांना निदान कागद वाचता आले. आमच्या घरच्यांना तेवढेही नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

ऑपरेशन पवन आणि शांतिसेनेच्या संपूर्ण मोहिमेचा अधिकृत इतिहास आपल्या मंत्रालयाच्या इतिहास विभागात कोणत्या टप्प्यावर आहे, हे आपण संसदेच्या येत्या अधिवेशनात निवेदन करून सांगावे आणि प्रकाशनाची निश्चित तारीख द्यावी.

जुलै ते ऑक्टोबर १९८७ या काळातील मंत्रिमंडळ समित्यांची टिपणे, सेनाप्रमुखांचे मूल्यांकन, कोलंबोतील उच्चायुक्तालय आणि दिल्ली यांच्यामधील संदेश आणि शांतिसेनेला दिलेले लेखी आदेश २०२१ च्या धोरणानुसार तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत. एखादा भाग रोखून धरायचाच असेल तर तो काळा करावा, पण संपूर्ण फाइल रोखू नये, आणि रोखण्याचे कारण त्याच कागदावर लिहावे.

जाफना रुग्णालय आणि वल्वेट्टितुरै येथील घटनांबाबत लष्कराने केलेल्या चौकशांचे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत.

त्या मोहिमेतील मृत, जखमी आणि अपंग सैनिकांची पलटणवार यादी मंत्रालयाने एकदाच तपासून जाहीर करावी, कारण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे छापले जातात आणि ते वाचणाऱ्या कुटुंबाला आपला माणूस कोणत्या आकड्यात धरला आहे, हे कळत नाही.

स्थायी समितीच्या सदस्यांना माझी वेगळी विनंती आहे. देशाबाहेर लढाऊ सेना पाठवायची झाल्यास सरकारने ठराविक मुदतीत संसदेपुढे कारणे, उद्दिष्टे आणि परतीची अट मांडलीच पाहिजे, असा कायदा करण्याची शिफारस आपण करावी. तातडीच्या प्रसंगी सेना आधी जाईल आणि निवेदन नंतर येईल, हे मला मान्य आहे. मात्र ते निवेदन येणे सरकारच्या मर्जीवर राहू नये.

या पत्राची एक प्रत मी आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना आणि एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला देत आहे. उत्तर मला व्यक्तिशः पाठवण्याची आवश्यकता नाही, ते सभागृहात द्यावे.

आपला नम्र,
शांतिसेनेतील एका जवानाचा धाकटा भाऊ
कोरेगाव तालुका, जि. सातारा